आठवड्याला थोडी थोडी जीप

चोपडा
२ जुलै २०२३, रविवार

भाऊ,

तुझा पत्ता रतिलालकडून घेतला. तो देत नव्हता. म्हणाला, चंदनने कोणालाच देऊ नको म्हणून सांगितलंय, बहिणीलाही नको. मी त्याच्या दुकानात तासभर उभी राहिले, गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा त्याने बिलाच्या मागे लिहून दिला. नरडाण्याच्या कारखान्याचं नाव, खाली शिंदखेड्याची खोली. नवा फोन नंबर मात्र दिलाच नाही. तेही बरंच झालं. फोनवर तू नुसतं ‘बोल’ म्हणाला असतास आणि मला काही बोलता आलं नसतं.

कामाचं लिहिते. तुझी पाकिटं येताहेत. तू मार्चमध्ये गेलास तेव्हा जीपचा अकरावा अंक आला होता. त्यानंतर दर आठवड्याला कुरिअरवाला येतो, ‘चंदन तोताराम पाटील’ म्हणून हाक मारतो आणि मी सही करते. चौदा-पंधरा पाकिटं दिवाणाखाली साठली आहेत, एकही फोडलेलं नाही. सगळ्या शंभर अंकांची वर्गणी तू एकदम भरलीस, त्यामुळे ती आता कोणाच्या सांगण्याने थांबणार नाहीत. तुझ्याकडे पाठवू का? की कंपनीला परत? नाना म्हणतात, परत कर. तुझं नाव घेत नाहीत. ‘तो’ म्हणतात.

जानेवारीत पहिलं पाकीट आलं तो दिवस सारखा आठवतो. जुन्या लष्करी जीपची हुबेहूब प्रतिकृती, खऱ्या जीपच्या आठव्या हिश्श्याएवढी; दर आठवड्याला एक इंग्रजी पुस्तिका आणि दोन-तीन सुटे भाग; शंभर आठवड्यांनी गाडी पुरी. नाना हसले होते. “बावीस वर्सं यावल रोडले जीप चालाडी, आते खेळणानी चालाडू का?” आणि पुढच्या रविवारी चहा व्हायच्या आत चष्मा पुसून चटईवर बसले होते, तुझी वाट बघत.

नाना ठीक आहेत. शाळेची व्हॅन सुटल्यापासून घरीच असतात. सकाळी स्टँडपर्यंत जातात, पेपर बघून येतात. माझं शाळेतलं कारकुनीचं काम चालू आहे. बाकी सगळं ठीक.

सगळं ठीक नाही, पण ते आज लिहीत नाही. पाकिटांचं कळव.

कामिनी


२३ जुलै २०२३, रविवार

भाऊ,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र मिळालं की नाही हेही कळत नाही. तरी लिहिते, कारण पाकिटं आता परत करता येणार नाहीत. नानांनी फोडली.

मागच्याच्या मागच्या बुधवारी शाळेतून आले तर दार उघडं, घरात रबराचा वास. गॅसवर चहाचं पातेलं, त्यात पाणी उकळतंय आणि पाण्यात जीपचे दोन टायर. तू सांगितलं होतंस ना, टायर गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो आणि रिंगवर चढतो? ते त्यांच्या लक्षात होतं. सगळी पाकिटं कात्रीने कापून खोलीभर पसरलेली. स्क्रूच्या पुड्या एकीकडे, पुस्तिका एकीकडे, आणि मधोमध नाना मांडी घालून. मला म्हणाले, “हाई काय शे, टायर शे का पट्टा?”

हातात टायर होता, भाऊ. दुपारचे साडेचार वाजले होते, खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर पडत होतं.

म्हणून आता सांगते. मागच्या महिन्यात मी त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, बरेच दिवसांपासूनचा. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून आयुष्यभर थेंब घालायचे. डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, तुमचे वडील असं बघतात. समोर धरलेलं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मी त्या सुरळीतून नानांकडे बघितलं. ते खुर्चीत अगदी ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. चोपड्याला उतरताना म्हणाले, “डॉक्टर पोरगा शे. त्याले काय समजस.”

तर आता रविवारी आम्ही दोघं जीप बांधतो. मी पुस्तिका वाचून मराठीत सांगते, ते हाताने चाचपून बसवतात. स्क्रू बोटांत धरून डोळ्यासमोर नेला की बरोबर ओळखतात. तोच खाली चटईवर ठेवला की हरवला. मग माझ्यावर चिडतात. मला ‘बुशिंग’चं मराठी येत नाही म्हणूनही चिडतात. आज म्हणाले, “तो भराभर वाचे. तुन्हं आपलं अडखळत चालस.”

तो म्हणजे तू.

कामिनी


८ ऑक्टोबर २०२३, रविवार

भाऊ,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी ते शाळेच्या स्टोअररूममध्ये जाऊन, दार लावून फोडलं. आत नुसता पेचकस. लोहचुंबकाचा, बारीक टोकाचा, स्क्रू खाली न पडणारा. मी पाकीट उलटं करून झटकलं, चिठ्ठीबिठ्ठी कुठे चिकटली असेल म्हणून. काही नव्हतं. म्हणजे माझी पत्रं तू वाचतोस. एवढं कळलं. राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. त्या दिवशी मी फीच्या पावत्या दोनदा चुकवल्या.

नानांना सांगितलं, कंपनीने अंकासोबत पाठवलाय. त्यांनी तो हातात फिरवला. मुठीवर कोणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, कारखान्यात गुंडाळतात तशी. तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, “कंपनी भलती चांगली शे.” पुढे काही विचारलं नाही. पण आता तो पेचकस दुसऱ्या पेचकसांत ठेवत नाहीत. खिशात ठेवतात. आंघोळीला जाताना खिडकीत ठेवतात, आल्यावर पुन्हा खिशात.

इंजिन झालं. एवढंसं आहे, माझ्या मुठीत मावतं, पण पंख्याची पाती फिरतात. पुढची चाकं बसली. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसवताना दोन रविवार गेले आणि तरी गाडी डावीकडे कलते. मी तीन वेळा वाचून दाखवलं. नाना म्हणतात, पुस्तकच चुकलंय.

शाळेत मोठ्या बाई मला नानांबद्दल विचारतात. मी ‘बरे आहेत’ म्हणते आणि कपाटाकडे जाते. त्यांच्याकडे सरळ बघवत नाही. का ते तुला माहीत आहे. आपण दोघं कधी बोललो नाही त्यावर, पण तुला माहीत आहे.

दिवाळीला ये. नाना काही बोलणार नाहीत. बोलले तर मी आहे.

मी आहे असं लिहिलं खरं. त्या दिवशीही मी होतेच.

कामिनी


१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

भाऊ,

आला नाहीस. दिवाळीचे चारही दिवस मी अमळनेरकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळी काही ना काही निमित्त काढून स्टँडवर जात होते. कोथिंबीर आण, पणत्या आण. घरात तीन जुड्या कोथिंबीर झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाना न्हाणीत पाय घसरून पडले. कपाळाला चार टाके. आता बरे आहेत, काळजी करू नकोस. पुढच्या रविवारी टाके काढतील.

स्टिअरिंग बसलं. फिरवलं की पुढची चाकं खरोखर वळतात.

घाईत लिहिते आहे. मला नीट बसवत नाही सध्या.

कामिनी


१४ जानेवारी २०२४, रविवार

भाऊ,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नाना न्हाणीत पडले नाहीत.

स्टिअरिंग बसलं त्या दिवशी ते दिवसभर चाकं वळवून बघत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीतल्या कामासाठी शाळेत असताना नाना शेजारच्या भिकनकाकांच्या घरी गेले. काका जेवत होते. खुंटीवरची पिकअपची किल्ली उचलली आणि म्हणाले, “वखारवर केळी पोचाडी येस.” काकांना वाटलं, बावीस वर्षं जीप चालवलेला माणूस, जाऊ दे. गाडी यावल रोडला गेली, वळणावर केळीच्या बागेत शिरली आणि पाण्याच्या पाइपावर चढून थांबली. डावीकडून बैलगाडी येत होती. नानांना ती दिसलीच नाही. बैल अगदी नाकासमोर आले तेव्हा त्यांनी चाक फिरवलं. कोणाला लागलं नाही. गाडीवानाला नाही, बैलांना नाही. फक्त नानांचं कपाळ काचेवर आपटलं.

मला शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा ते बांधावर बसले होते, रक्त शर्टावर, आणि दोन्ही हात अजून चाक धरल्यासारखे पुढे. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चंदननी बरोबर सांगं व्हतं.”

आठ महिन्यांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. मग म्हणाले, “पण माले तोंडवर सांगाले पाहिजे व्हतं. शाळामा जाईसन काबर सांगं? बापनी चुगली कोन्ही करस का?”

आणि मी तिथेही काही बोलले नाही. ओढणीने त्यांचं कपाळ दाबून धरलं आणि गप्प राहिले. दोन महिने झाले त्याला. तेव्हापासून मला धड झोप नाही, धड जेवण नाही. फीच्या रजिस्टरमध्ये एका ओळीवर तीनदा तेच नाव लिहिते. म्हणून आज लिहून टाकते. शाळेत मी सांगितलं होतं.

ते तुला त्या संध्याकाळीच कळलं, हे मलाही कळलं होतं. होळीच्या आठवड्यात तू नानांना पेल्याच्या बाजूला पाणी ओतताना पाहिलंस, भांडलास, व्हॅनची किल्ली पिठाच्या डब्यात लपवलीस. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी त्यांना काढलं आणि ‘तुमच्या घरूनच काळजीपोटी कळवलंय’ असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात दुसरं कोणी आलंच नाही. दारात उभे राहून विचारत होते, घरच्या माणसानेच असं करायचं का. तू माझ्याकडे बघितलंस. मी कणीक मळत होते. मी मळतच राहिले. तू म्हणालास, “हो, मीच सांगितलं.” आणि बॅग भरून जाताना दारात मला हळूच म्हणालास, “तुला इथंच राहायचंय.”

पारोळ्याचं सासर सोडून आलेल्या बाईला राहायला दुसरी जागा नाही, हे तू माझ्याआधी ओळखलंस. मी ते घेतलं. गुपचूप घेतलं, जसं काही तू मला बाजारातून पिशवी आणून दिलीस.

पण मी का सांगितलं, ते तुला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नाही. मला, मोठ्या बाईंना आणि शाळेच्या वॉचमनला सोडून. ते आधी नानांना सांगायला हवं. तुला नंतर.

मी सांगणार आहे. हे लिहिलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही, म्हणूनच लिहिते आहे.

कामिनी


४ फेब्रुवारी २०२४, रविवार

भाऊ,

सांगितलं.

मागच्या रविवारी आम्ही पुढची सीट बसवत होतो. नाना तुझ्या पेचकसाने सीटचा स्क्रू आवळत होते. मी पुस्तिका खाली ठेवली आणि म्हणाले, “नाना, शाळेत चंदनभाऊने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.”

ते स्क्रू आवळत राहिले. तो केव्हाच घट्ट बसला होता, तरी आवळत राहिले, आणि मग त्याची खाच गेली. पेचकस नुसता फिरायला लागला. तेव्हा थांबले.

“कवय?”

“त्या मुलीचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“कोनती पोर?”

भाऊ, त्यांना माहीतच नव्हतं. मी इतके महिने धरून चालले होते की त्यांना माहीत आहे आणि ते मान्य करत नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मी सांगितलं. शुक्रवार होता, शाळा सुटली होती. व्हॅन फाटकात भरून उभी. तिसरीतली ऋतिका पाण्याची बाटली विसरली म्हणून डाव्या बाजूने खाली उतरली, बाटली घेऊन पळत आली आणि मागच्या चाकापाशी पोचली, तेवढ्यात नानांनी गाडी सोडली. मी ऑफिसच्या खिडकीत होते. मला ओरडता आलं नाही. वॉचमनने तिच्या दप्तराचा पट्टा धरून तिला मागे खेचलं. बाटली चाकाखाली गेली. नानांनी गाडी थांबवली नाही. त्यांना दिसलंच नव्हतं.

“बाटली?” नाना म्हणाले. “माले वाटनं, दगड शे.”

म्हणजे त्यांना तो आवाज आठवत होता. वर्षभरापूर्वीचा आवाज.

“माले कोन्ही सांगं नही,” ते म्हणाले. मग पुन्हा, अगदी हळू, “कोन्हीच सांगं नही.” पेचकस खिशात ठेवायला गेले तर खिसा सापडेना. दोनदा हात बाजूने गेला. मी धरायला गेले तर हात झटकला.

संध्याकाळ झाली. मग म्हणाले, मला त्या पोरीच्या घरी ने.

सोमवारी शाळा सुटल्यावर नेलं. यावल नाक्याच्या पलीकडे घर आहे. नानांनी धुतलेला सदरा घातला होता. तिची आई आम्हाला बघून गोंधळली. त्या दिवसाचं तिला वॉचमनकडून अर्धंमुर्धं कळलेलं. नाना उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुन्ही पोर मन्ही गाडीखाले जाणार व्हती. माले कालदिन समजनं.” तिच्या डोळ्यांत एकदम राग आला. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं. तेवढ्यात ऋतिका आतून आली. उंच झाली आहे आता. “व्हॅनवाले आजोबा, तुम्ही का येत नाही? नवे काका गाणी लावत नाहीत,” म्हणाली. नानांनी मान इकडेतिकडे फिरवून तिला शोधलं. सापडल्यावर खाली बसले, तिचा चेहरा समोर येईल असे, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. तिच्या आईने मग पाणी आणलं. चहा नाही, पाणी. नानांनी ते पूर्ण प्यायलं.

त्यानंतर आज सहा दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. मी वाढते, ते जेवतात. थेंब घालायला मान वर करतात. आजचा रविवार, जीपला हात लावला नाही. मला म्हणायचं असेल ते म्हणू देत, घराबाहेर काढू देत, पण हे असं ताटाकडे बघून जेवणं सहन होत नाही. खोलीत चार पावलं जाते, परत येते.

तरी एक गोष्ट आहे. काल पहाटे उठले तर ते जीप मांडीवर घेऊन बसले होते, काही न करता.

कामिनी


नरडाणा, कारखान्याचं फाटक
१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार, दुपारी सव्वा एक

भाऊ,

ही चिठ्ठी वॉचमनच्या हाती आत पाठवते आहे. आम्ही बाहेर आहोत. नाना आणि मी.

काल रात्री जेवताना एकदम म्हणाले, “उद्या नरडाणाले जानं शे. गाडीना पाटा त्याले दाखाडना शेत.” अठरा दिवसांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सकाळी अमळनेरपर्यंत बस, तिथून रेल्वे. जीप टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली आहे. मला धरायला दिली नाही.

वॉचमन म्हणतो, शिफ्ट तीनला सुटते. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर आहोत. काम टाकून येऊ नकोस, आम्हाला घाई नाही. मला आहे, पण मी बसेन.

नानांचं तोंड फाटकाकडे आहे. समोरून ये.

कामिनी


चोपडा
१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

भाऊ,

काल समोर असताना एवढं बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

तू फाटकातून आलास तेव्हा मी उठून उभी राहिले आणि नाना बसूनच राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी मोठं बोलेल. तू वाकून पाया पडलास. त्यांनी तुझ्या खांद्याला हात लावला आणि लगेच टॉवेल सोडायला लागले. मग तुम्ही दोघांनी अर्धा तास जीपवर काढला. तू गाडी उलटी केलीस, बोटाने पाटा दाबलास आणि म्हणालास, “नाना, डाव्या बाजूचे पाटे उलटे बसलेत. कमान खाली पाहिजे, तुम्ही वर केलीय.”

“माले दिखत नही ना, भाऊ,” नाना म्हणाले.

चहावाला ग्लास विसळत होता, ट्रक जात होते आणि ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला आधी कळलंच नाही. डॉक्टरांसमोर ते असं म्हणाले नाहीत. माझ्यासमोर, बांधावर रक्त वाहत असतानाही म्हणाले नाहीत. तू मान खाली घालून पाटे काढायला लागलास. तुझ्याकडे पेचकस नव्हता; नानांनी खिशातून काढून दिला. तू तो ओळखलास, आणि नानांना कळलं की तू ओळखलास. पाटे बसले. तू गाडी बाकावर ठेवलीस, ती सरळ उभी राहिली. नानांनी खाली वाकून, डोळा अगदी चाकाच्या पातळीवर आणून बघितलं आणि म्हणाले, “हां.”

तू मार्च अखेर सुट्टी काढून येतो म्हणालास. तोवर येणारी पाकिटं मी जपून ठेवते. नानांनी बजावलंय, एकही फोडायचं नाही.

परतीच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. जीप मांडीवर, मी समोर. बेटावद गेलं तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, “सांगं ते बरं करं.” मग तोंड माझ्याकडे वळवलं, मी त्यांना नीट दिसेन असं, आणि म्हणाले, “चूप ऱ्हायनी ते बरं नही करं.”

मी हो म्हटलं. दोन्ही खरं आहे. आज सकाळी त्यांनी चहा मागितला, साखर कमी आहे म्हणाले, मी घातली. असं चाललं आहे. पूर्वीसारखं नाही. पण ताटाकडे बघून जेवत नाहीत.

आता तुझं माझं. गाडीची वेळ झाली तेव्हा नाना पुढे चालत होते आणि तू मागे राहिलास. मी वर्षभर ठरवून ठेवलेलं सगळं तोंडात गोळा केलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, “जेवलीस का?” मी म्हटलं, “हो, जेवले.” तुला बरं वाटलं, आणि मग फलाटावर नाना एकटे पडले म्हणून आपण पळालो.

भाऊ, मी जेवले नव्हते. पहाटे पाच वाजता कपभर चहा घेतला होता, त्यानंतर काही नाही. डबा केला होता, पण पोटात काही जात नव्हतं. अमळनेरला उतरल्यावर नानांना म्हटलं, मला भूक लागलीय. स्टँडवर आम्ही दोघांनी भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

एवढंच सांगायचं होतं. या वेळी उशीर होण्याआधी.

कामिनी